गाबोळीपासून जीआरपर्यंत

"मावशी, गाबोळी आहे का?"

मासळीबाजारात हा प्रश्न विचारला की मावशी मासा उचलतात, पोटावरून अंगठा फिरवतात आणि सांगून टाकतात, आहे किंवा नाही. चिरून बघावं लागत नाही. कोणत्या महिन्यात कोणता मासा गाबोळीने, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, भरलेला येतो, किती मोठा झाल्यावर त्याच्या पोटात गाबोळी धरते, हे त्यांना पाठ असतं. प्राणिशास्त्राच्या भाषेत हे प्रजननाचं ज्ञान. मावशींच्या भाषेत ते धंद्याचं ज्ञान, आणि ते सासूकडून सुनेकडे आलेलं असतं.

मुंबईच्या ससून डॉकवर पहाटेच्या लिलावाच्या गर्दीत कधीकधी एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा दिसतो. हातात मोजपट्टी बसवलेली फळी, खांद्याला पिशवी, पिशवीत ओली झालेली वही. एक टोपली मासे घ्यायचे, एकेक फळीवर आडवा ठेवायचा, लांबी लिहायची, वजन लिहायचं. काही मासे विकत घेऊन प्रयोगशाळेत न्यायचे आणि तिथे पोट उघडून गाबोळी पाहायची. मावशी अंगठ्याने जे करतात तेच काम हा माणूस शेकडो माशांवर, बारा महिने, पट्टी लावून करतो.

सागरी संवर्धनाचा व्यवसाय म्हटलं की डोळ्यांसमोर पाणबुड्याचा पोशाख, प्रवाळ आणि डॉल्फिन येतात. करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकांवरही तेच फोटो असतात. पाण्याखालचं काम या क्षेत्रात आहेच, ते महत्त्वाचंही आहे. पण या व्यवसायाचा गाभा मला त्या पहाटेच्या लिलावात दिसतो. माशाच्या पोटातल्या गोष्टीचा आकडा करायचा, आकड्याचा सरकारी आदेश करायचा, आणि तो आदेश समुद्रात जाळ्यापर्यंत पोचतो का ते पाहायचं. या तिन्ही टप्प्यांवर वेगवेगळी माणसं काम करतात. त्यांच्यातलं अंतर ज्याला पार करता येतं, तो या क्षेत्रात उपयोगी पडतो.

एकच आकडा घेऊ: १३५ मिलिमीटर. २०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं. त्याच वर्षी सागरी माशांच्या ५४ जातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवणारा आदेश निघाला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचाही नाही. पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०, सुरमईला ३७०. याआधी असं पाऊल केरळने उचललं होतं. या आकड्यांमागचा शास्त्रीय पाया केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा. १९४७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कोचीला आहे आणि तिचं केंद्र मुंबईतही आहे.

१३५ मिलिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एवढा पापलेट ताटात पडला तर दोन घासांत संपतो.

हा आकडा येतो कसा? एखाद्या जातीचे शेकडो मासे वर्षभर गोळा करतात. प्रत्येकाची लांबी मोजतात. ही लांबीही तीन तऱ्हांनी मोजता येते: तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या बेचक्यापर्यंत, किंवा शेपटी जिथे सुरू होते तिथपर्यंत. कोणती धरली ते लिहिलं नाही तर पुढे न्यायालयात आकडा टिकणार नाही, कारण लांब शेपटीच्या पापलेटच्या बाबतीत हा फरक बराच पडतो. मग पोट उघडून जननग्रंथी कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवतात: नुकती धरलेली, भरत आलेली, पूर्ण भरलेली की रिकामी झालेली. यावरून एक आलेख निघतो. अमुक लांबीला शंभरातले किती मासे प्रौढ झालेले असतात? ज्या लांबीला निम्मे प्रौढ झालेले असतात, ती लांबी शास्त्रज्ञांना फार मोलाची. त्याआधी मासा पकडला, तर एकदाही अंडी न घालता तो संपला असण्याची शक्यता अधिक.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती हरवते. कायद्यात छापलेला आकडा आणि निम्मे मासे प्रौढ होण्याची लांबी हे बहुधा एक नसतात. पापलेटमध्ये तर कायद्याचा आकडा बराच खाली आहे. आपल्या समुद्रात एका जाळ्यात एक जात येत नाही, वीस-पंचवीस जाती एकत्र येतात. सगळ्यांसाठी कडक लांबी ठेवली तर होडी समुद्रात नेणंच बंद करावं लागेल. म्हणून जीवशास्त्र एक आकडा सांगतं, जाळं दुसरा सांगतं, बाजार तिसरा, आणि आदेशात चौथाच छापला जातो. हा चौथा आकडा म्हणजे विज्ञानाचा पराभव, असं नव्या शास्त्रज्ञाला वाटतं. मला तसं वाटत नाही. आज पाळला जाईल असा खालचा आकडा उद्या वर नेता येतो. कुणीच पाळणार नाही असा शुद्ध आकडा कागदावरच राहतो. मात्र खालचा आकडा हीच शास्त्राची शिफारस होती असं कुणी म्हणू लागलं, तर तिथे शास्त्रज्ञाने बोललंच पाहिजे.

आता आदेश. आदेश काढणार कोण, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे, पण प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राची. ही हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर येते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये तो सुधारून कडक केला गेला. तो १२ मैलांच्या आत चालतो. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचं क्षेत्र. प्रखर एलईडी दिवे लावून मासे एकत्र ओढायचे आणि मग जाळं टाकायचं, या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली ती या बाहेरच्या क्षेत्रासाठी. मासा मात्र ही रेषा ओळखत नाही. पापलेट उथळ पाण्यात वाढतो आणि मोठा होऊन पुढे जातो. ज्याला धोरणात काम करायचं त्याला माशाचा प्रवास आणि घटनेची अनुसूची या दोन्ही गोष्टी सारख्याच नीट वाचाव्या लागतात. विद्यापीठात बहुधा यातली एकच शिकवतात.

विज्ञानापासून आदेशापर्यंत किती काळ जातो, याचं एक उदाहरण पर्ससीनचं. हे गोलाकार जाळं थव्याभोवती टाकतात आणि खालून पिशवीसारखं आवळतात. बांगडा, तारलीचा अख्खा थवा एका वेळी वर येतो. रापण आणि लहान जाळी वापरणाऱ्या मच्छीमारांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. २०११ मध्ये राज्याने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भारतीय मत्स्य सर्वेक्षण या संस्थेचे ते माजी महासंचालक. समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यावरचा शासन निर्णय निघाला ५ फेब्रुवारी २०१६ ला. पर्ससीन परवाने ४९४ वरून आधी २६२ आणि शेवटी १८२ वर आणायचे, आणि ही मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत करायची, असं ठरलं. मधली चार वर्षं कुणी रिकामं बसलं नव्हतं. निवेदनं होती, मोर्चे होते, बैठका होत्या, आणि दोन्ही बाजूंना बुडालेली कर्जं होती. पर्ससीनवाला नाखवाही कर्ज काढूनच बोट बांधतो. ज्याला हे दिसत नाही त्याने धोरणात पडू नये.

आदेश निघाला, तरी तो बोटीवर पोचायचा असतो. पालघर, वसई, उत्तनकडे डोल जाळी चालतात. मोठ्या पिशवीसारखं जाळं समुद्रात रोवलेल्या खांबांना किंवा दोरखंडांना बांधतात. भरती-ओहोटीचा ओघ पाणी त्यातून ढकलतो आणि जे येईल ते शेवटच्या बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, पिशवीत अडकतं. जवळा, मांदेली, बोंबील यांच्यासाठी हा आस बारीकच लागतो. त्यात पापलेटची बोटभर पिल्लंही येतात, आणि जाळं उचलेपर्यंत ती मेलेली असतात. मग आदेशाप्रमाणे त्यांचं करायचं काय? परत टाकली तर समुद्रात मेलेले मासे, आणली तर गुन्हा. म्हणून नुसती लांबीची अट पुरत नाही. जाळ्याचा आस, डोल लावायची जागा, पिल्लं कोणत्या आठवड्यांत उथळ पाण्यात येतात तो काळ, आणि बाजारात ती पिल्लं विकत घेणारा, या सगळ्यांचा एकत्र विचार करावा लागतो. सातपाटीसारख्या गावांत पापलेट कमी होत असल्याची ओरड सर्वांत आधी मच्छीमारांनीच केली. त्यांची सहकारी संस्था पापलेट वजनाप्रमाणे प्रतवारी लावून घेते, त्यामुळे मोठा मासा कमी होतोय हे त्यांना हिशेबाच्या वहीत दिसतं. अशा वह्या हा संशोधनाचा खजिना आहे. त्या बघायला मिळाव्यात एवढा विश्वास कमवायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि कुठल्याही पदवीच्या अभ्यासक्रमात त्या वर्षांना गुण नसतात.

विश्वास नसेल तर काय होतं, ते मालवणला दिसलं. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, समुद्री शैवाल आहेत, खडकांत माशांची पिल्लं वाढतात. शास्त्रीय कारणं भक्कम होती. पण याच पाण्यावर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणाऱ्यांना ही गोष्ट अधिसूचना निघाल्यावर कळली. विरोध झाला, आणि पुढची कित्येक वर्षं अभयारण्य नकाशावर राहिलं. आज जगभर ३० टक्के समुद्र २०३० पर्यंत संरक्षित करण्याचं उद्दिष्ट आहे. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलला झालेल्या जैवविविधता परिषदेत ते ठरलं, आणि भारत त्यात सहभागी आहे. टक्केवारी गाठण्याची घाई झाली की मालवणची आठवण व्हायला हवी. किती चौरस किलोमीटर रंगवले हे मोजणं सोपं, तिथे मासा वाढला का हे मोजणं कठीण.

उलट बाजूचं उदाहरणही महाराष्ट्राचंच आहे आणि मला ते फार आवडतं. मच्छीमाराच्या जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा, म्हणजे व्हेल शार्क, अडकतो. दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. व्हेल शार्क तर २००१ पासून. त्याला सोडायचं तर जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे हजारो रुपये आणि कित्येक दिवसांचं विणकाम. कायदा सांगतो, सोड. घर सांगतं, जाळं जपून आण. १८ वर्षांच्या खलाशाने भर समुद्रात यातलं काय ऐकावं? २०१८ च्या डिसेंबरात राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाने योजना आणली. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून मोबाइलवर काढलेला फोटो किंवा व्हिडिओ.

रक्कम मोठी नाही. पण या योजनेत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. प्राणी वाचू लागले, ही एक. दुसरी अशी की भरपाईचा प्रत्येक अर्ज ही एक शास्त्रीय नोंद झाली: कोणता प्राणी, कुठे, कोणत्या महिन्यात, कसल्या जाळ्यात. समुद्रावर सर्वेक्षणाची बोट पाठवायला लागणारा खर्च पाहता, शेकडो बोटींवरचे खलाशी आपणहून फोटो काढून पाठवतात ही केवढी मोठी गोष्ट आहे! ही योजना ज्यांनी लिहिली त्यांनी मच्छीमाराचं नुकसान आणि शास्त्रज्ञाची गरज एका कागदावर आणली. धोरण लिहिण्याचं कसब म्हणतात ते हेच.

नकाशा हेही या व्यवसायातलं मोठं काम. १९८१ च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा. त्यातून पुढे १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. तिची जागा २०११ मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये नव्या अधिसूचनांनी घेतली, आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला. सगळं मोजमाप सुरू होतं ते भरतीच्या रेषेपासून. ही रेषा कुठे आहे? उधाणाचं पाणी येतं तिथे, असं किनाऱ्यावरचा माणूस सांगेल. पण कायद्याला ती नकाशावर हवी, अक्षांश-रेखांशांसह. उपग्रहाची चित्रं, वाळूच्या उंचवट्याची, खाजणाची, खडकांची पाहणी करून ती आखतात. पाच मीटर इकडेतिकडे झाली की कुणाचं घर बेकायदा ठरतं आणि कुणाचं हॉटेल कायदेशीर. आणि रेषा बरोबर आली तरी नकाशा अपुरा असतो. जनसुनावणीत कोळीवाडे पुन:पुन्हा तेच विचारतात: बोंबील वाळत घालायच्या आमच्या वलांड्या कुठे आहेत, होड्या ओढायची जागा कुठे आहे, जाळी विणायचं मैदान कुठे आहे? उपग्रहाला ती मोकळी जागा दिसते. बिल्डरलाही तशीच दिसते. ती जागा कामाची आहे, हे सांगायला माणसालाच गावात जावं लागतं.

कांदळवनांच्या बाबतीत नकाशाने उलट चमत्कार केला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर आणि त्याच्या भोवती ५० मीटरांत बांधकामावर बंदी आणली. २०१८ च्या अंतिम निकालाने ती पक्की केली. पण न्यायालयाचा आदेश झाडाला लागू करायचा तर झाड कुणाच्या जमिनीत आहे ते कळायला हवं. उपग्रहावरून ओळखलेली कांदळवनं गावनकाशांवर बसवली, गटक्रमांक काढले, आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वन म्हणून जाहीर होत गेली. चिखलातल्या झाडाला सातबारा मिळाला म्हणा ना. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातलं कांदळवन २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ मध्ये ३२४. यातली काही वाढ मोजण्याच्या पद्धती सुधारल्यानेही दिसते. तरी मुंबईसारख्या जमिनीला भुकेलेल्या शहराच्या कडेला कांदळवन टिकलं, यामागे वनस्पतिशास्त्रज्ञाइतकेच वकील आणि भूमापक आहेत.

आता त्या कामाबद्दल, ज्याचा फोटो कुणी काढत नाही. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथले शास्त्रज्ञ कांदोळीच्या किनाऱ्यासमोर एका ठरलेल्या जागी वर्षानुवर्षं जात आहेत. १९९७ पासून तिथल्या पाण्याचे नमुने घेतले जातात: तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू, पोषक द्रव्यं. तेच ठिकाण, तेच काम. यातून जे कळलं ते धक्कादायक होतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली जात नाही. वरून पडणारा जैविक गाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो, आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. डॉ. सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडलं.

तळचा मासा अशा वेळी तिथे थांबत नाही. तो वर येतो किंवा किनाऱ्याकडे सरकतो. मग जाळ्यात मासा जास्त आला तर समुद्र भरला म्हणायचं की मासा श्वासासाठी पळतोय म्हणायचं? हा प्रश्न विचारण्यासाठी पंचवीस वर्षांची वही लागते. प्रकल्पाला पैसा मात्र तीन वर्षांसाठी मिळतो. दीर्घकाळ एकच गोष्ट मोजत राहणं हे या क्षेत्रातलं सर्वांत किमती आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

या वाटेला जायचं कसं, हे विचारणारी मुलं रत्नागिरी-मालवणइतकीच नाशिक-लातूरचीही असतात. रत्नागिरीला शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानं शिकवतात. तामिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं जुनं केंद्र आहे. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगोल, कुठूनही या वाटेला लागता येतं. पुढे नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन संशोधन करणाऱ्याला सध्या महिन्याला ३७ हजार रुपये छात्रवृत्ती मिळते. कृषी संशोधन सेवेची परीक्षा देऊन मत्स्य संशोधन संस्थांत शास्त्रज्ञ होता येतं. राज्यसेवेतून मत्स्यव्यवसाय विभागात, किंवा वनसेवेतून कांदळवन कक्षासारख्या ठिकाणी जाता येतं. स्वयंसेवी संस्था आहेत, पर्यावरणीय परिणामांचे अहवाल लिहिणाऱ्या कंपन्या आहेत. त्या अहवालांबद्दल एकच सांगतो. खाडीत माशांच्या किती जाती आहेत हे एका हंगामातल्या चार दिवसांत ठरवायला कुणी सांगितलं, तर सही करण्यापूर्वी तिथल्या मावशींना विचारून या. पावसाळ्यात काय येतं, हे त्याच सांगतील.

आई-वडिलांना सांगायला हवं अशी एक गोष्ट: सुरुवातीची बरीच वर्षं कंत्राटावर जातात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. हुशार मुलं तिसऱ्या-चौथ्या कंत्राटानंतर क्षेत्र सोडतात. त्यांच्याबरोबर त्यांनी गावात कमावलेला विश्वासही जातो, कारण नाखवा संस्थेला ओळखत नाही, माणसाला ओळखतो. नवी मुलगी येते आणि पहिल्यापासून सुरू करते. मुलींच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. अनेक बोटींवर स्त्रीला चढू देत नाहीत. पण बंदरावर लिलाव बायकांच्या हातात असतो, सुकी मासळी त्यांच्या हातात असते, आणि भावाची, मापाची, गाबोळीची माहितीही त्यांच्याकडेच. पुरुष संशोधकाला ज्या ओट्यावर कुणी बसवून घेत नाही, तिथे तिला चहा मिळतो. मला वाटतं, आपल्या किनाऱ्याच्या मत्स्यविज्ञानातली कित्येक अनुत्तरित कोडी त्या ओट्यांवर सुटतील.

शिकायच्या गोष्टींत सांख्यिकी आलीच, संगणकावर नकाशे करणं आलं, कायद्याची भाषा वाचणं आलं. आणि मराठी. प्रमाण मराठीबरोबर किनाऱ्याची मराठीही. कायद्याच्या अनुसूचीत शार्कची नावं लॅटिनमध्ये असतात. बंदरावर त्यातल्या अनेक जाती 'मुशी' या एकाच शब्दात मावतात. यातली एक संरक्षित आणि शेजारची विकायला मोकळी, हे नाखव्याला कसं सांगणार? चित्र काढावं लागतं, पराचा आकार दाखवावा लागतो, त्याच्या शब्दात त्या मुशीला वेगळं नाव आहे का ते विचारावं लागतं. बहुतेकदा असतं.

सगळंच काम पदवीधरांनी केलेलं नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं पळवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांबरोबर संरक्षणाचं काम सुरू केलं. गावातलीच माणसं पहाटे किनारा चालू लागली. माग दिसला की घरटं शोधायचं, शंभर-सव्वाशे अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे घरोघरी राहू लागले, पोळी-भाजीचे पैसे मिळू लागले. ही पद्धत मग किनाऱ्यावरच्या इतर गावांत गेली. त्यातून शास्त्रीय प्रश्नही उभे राहिले. कासवाचं पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या वर वाळू तापली की माद्या जास्त निघतात. मग कुंपणातल्या घरट्यांवर सावली करायची का, किती करायची, की अंडी हलवायचीच नाहीत? जागतिक तापमानवाढ ही गावातल्या माणसाच्या हातातल्या तापमापीवर आलेली गोष्ट आहे.

२०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव प्रथमा. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी मिळून अशी आणखी यंत्रं बसवली. २०२३ मध्ये गुहागरला यंत्र लावलेली बागेश्री दक्षिणेकडे निघाली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पश्चिम किनाऱ्याची कासवं अरबी समुद्रातलीच, अशी समजूत होती. तिला तडा गेला.

मग २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची छोटी पट्टी होती, आकडा ०३२३३. ती पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या लोकांनी २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावली होती, जिथे हजारो कासवं एका वेळी किनाऱ्यावर येतात. समुद्रमार्गाने हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात. दोन राज्यं, दोन समुद्र, दोन वेगळे बंदीचे मोसम, आणि एक कासवी जिने दोन्हीकडची वाळू उकरली. मासेमारीबंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवस असते, पूर्वेला १५ एप्रिलपासून. तिच्या वाटेवर कुठल्या महिन्यात कुठलं जाळं असतं, हे आता कुणाला तरी दोन्ही किनाऱ्यांच्या वह्या शेजारी ठेवून काढावं लागेल. त्या रात्री कुणी वाकून तो आकडा वाचला नसता, किंवा वाचून कुठे लिहून ठेवायचा हे त्याला माहीत नसतं, तर ती अंडी घालून, वाळू लोटून, पहाटेपूर्वी पाण्यात निघून गेली असती.